ब्लड कल्चर 'नो ग्रोथ' आलं, म्हणजे नेमकं काय कळलं?

प्रश्न एका तरुण डॉक्टरांचा आहे. त्यांनी दोन रुग्ण सांगितलेत. पहिल्याला चार दिवस हुडहुडी भरून ताप येत होता, दाखल झाला तेव्हा रक्तदाबही खाली गेलेला. ब्लड कल्चर (रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून मशीनमध्ये जिवाणू उगवतात का ते पाहण्याची तपासणी) पाठवलं, पाचव्या दिवशी रिपोर्ट आला: 'नो ग्रोथ'. दुसऱ्याला न्यूमोनिया होता, तो सुधारतही होता. त्याच्या चारपैकी एका बाटलीत 'कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस' हा जिवाणू उगवला आणि व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं. "खरा आजारी असलेल्याचं निगेटिव्ह आणि बरा होत असलेल्याचं पॉझिटिव्ह. मग या तपासणीवर भरवसा ठेवायचा तरी किती?" असं ते विचारतात.

मी क्लिनिकल मायक्रोबायोलॉजीत २२ वर्षं आहे आणि हा प्रश्न मला वॉर्डातून जवळजवळ दर आठवड्याला येतो. माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: रक्त घेताना तिथे काय काय झालं ते आधी सांगा. पहिल्या रुग्णाबद्दल लिहिताना तुम्ही ओघात सांगून गेलात की एकच बाटली भरली होती, आणि तोवर सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकचे दोन डोस झाले होते. तुमच्या पहिल्या कोड्याचा मोठा भाग या एका वाक्यातच आहे.

रक्तात जिवाणू असतात म्हणजे किती असतात, याचा अंदाज बहुतेकांचा फार चुकतो. लघवीच्या संसर्गात एका मिलिलिटरमध्ये लाखभर जिवाणू असणं नेहमीचं. रक्तात तसं नसतं. प्रौढ माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा दहाच्या आत, पुष्कळदा एकाहूनही कमी जिवाणू असतात. आता हिशोब करून बघा. समजा दर दोन मिलिलिटरमागे एक जिवाणू आहे. तुम्ही बाटलीत तीन मिलिलिटर रक्त घातलंत, तर सरासरी दीड जिवाणू आत जायला हवेत. पण ते रक्तात सारखे वाटून ठेवलेले नसतात. पाचातल्या साधारण एका वेळी त्या तीन मिलिलिटरमध्ये एकही जिवाणू नसेल. मशीन कितीही चांगलं असलं तरी त्या बाटलीतून काही उगवणार नाही. त्याच रुग्णाचं २० मिलिलिटर घेतलंत, तर एकही न सापडण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

म्हणून मी सगळ्यात जास्त आग्रह रक्ताच्या मापाचा धरते. प्रौढांसाठी प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. एक एरोबिक (ऑक्सिजनमध्ये वाढणाऱ्या जिवाणूंसाठी) आणि एक अ‍ॅनेरोबिक (ऑक्सिजनविना वाढणाऱ्यांसाठी) मिळून एक सेट, म्हणजे सेटमागे सुमारे २० मिलिलिटर. असे दोन सेट तर हवेतच, गंभीर रुग्णात किंवा हृदयाच्या झडपेच्या संसर्गाचा संशय असेल तर तीन. पहिल्या सेटमध्ये खऱ्या संसर्गांपैकी ६५ ते ७५ टक्के सापडतात, दुसरा जोडला की ८० ते ९० टक्के, तिसऱ्यानंतर ९५ टक्क्यांच्या पुढे. एकाच सेटवर थांबणं म्हणजे दर तीन-चार बाधितांमागे एकाला निसटू देणं.

आमच्याकडे एकदा आलेल्या बाटल्या महिनाभर तराजूवर तोलून पाहिल्या. रिकाम्या बाटलीचं वजन माहीत असतं आणि रक्ताच्या एका मिलिलिटरचं वजन साधारण एक ग्रॅम भरतं, त्यामुळे भरलेल्या बाटलीतून किती रक्त आलं ते लगेच कळतं. बहुतेक बाटल्यांमध्ये तीन-चार मिलिलिटरच होतं. वॉर्डातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं, सगळ्यांना आपण पुरेसं भरतोय असंच वाटत होतं. त्यानंतर आम्ही बाटलीवर रक्त घेण्याआधीच पेनने रेघ मारायला सांगितलं: आतल्या द्रवाची पातळी बघायची, बाटलीवरच्या खुणा मोजून १० मिलिलिटर वर रेघ ओढायची आणि रक्त तिथवर येऊ द्यायचं. पण रेघेच्या पुढेही जाऊ नका. व्हॅक्यूम १० मिलिलिटरवर आपोआप थांबेलच असं नाही, आणि जास्त रक्त गेलं की पांढऱ्या पेशींच्याच श्वसनाने मशीन खोटी घंटा वाजवू शकतं.

लहान मुलांचं गणित वेगळं. तिथे वजनाप्रमाणे माप ठरतं, कारण काढलेलं रक्त बाळाच्या एकूण रक्ताच्या किती टक्के आहे याचं भान ठेवावं लागतं. नवजात बाळाचंही किमान एक मिलिलिटर मिळवायचा प्रयत्न करा. "बाळ आहे, दोन थेंब पुरतील" हे खरं नाही. बाळांमध्येही जिवाणूंची संख्या अतिशय कमी असू शकते.

आता अँटिबायोटिक. गंभीर सेप्सिसच्या (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात त्याच रुग्णांची कल्चर औषधाच्या आधी आणि औषधानंतर दोन तासांच्या आत अशी दोनदा घेतली. आधीची सुमारे ३१ टक्के पॉझिटिव्ह आली, नंतरची १९ टक्के. एका डोसने, दोन तासांत, इतका फरक. तुमच्या रुग्णाला दोन डोस मिळाले होते. काही बाटल्यांमध्ये औषध शोषून घेणारे रेझिनचे मणी असतात, त्यांचा उपयोग होतो, पण ते बाटलीतलं औषध शोषतात. रुग्णाच्या शरीरात मेलेले जिवाणू ते जिवंत करू शकत नाहीत.

याचा अर्थ कल्चरसाठी औषध अडवून ठेवा असा मात्र कुणी घेऊ नये. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला तासाच्या आत अँटिबायोटिक मिळालंच पाहिजे. दोन सेट घ्यायला सरावलेल्या हाताला दहा मिनिटं लागतात. सलाइनची सुई लावतानाच बाटल्या ट्रेमध्ये तयार असल्या तर दोन्ही साधतं. नस मिळतच नसेल आणि पाऊण तास जाणार असेल, तर औषध द्या.

ताप चढण्याची वाट बघायचीही गरज नाही. थर्मामीटर १०२ दाखवेल तेव्हाच रक्त घ्यायचं अशी जुनी सवय अजून दिसते. जिवाणू रक्तात येतात ते आधी, हुडहुडी आणि ताप येतात नंतर. तापाच्या आकड्याशी वेळ जुळवून फारसं काही हाती लागत नाही. संशय आला की घ्या.

दुसऱ्या रुग्णाकडे येते. त्याच्या बाटलीत उगवलेला जीव बहुधा त्याच्या रक्तातला नव्हताच. तो त्याच्या किंवा रक्त घेणाऱ्याच्या त्वचेवरचा होता. आपण सगळेच अंगावर हे जिवाणू घेऊन वावरतो, आणि सुई त्वचेतूनच आत जाते. चांगल्या रुग्णालयात असं कंटॅमिनेशन ३ टक्क्यांच्या आत असावं, आणि मन लावून काम केलं तर ते १ टक्क्यावर आणता येतं.

हातांनी काय करायचं, ते सांगते. आधी नस शोधून ठरवा. मग ७० टक्के अल्कोहोलमधल्या २ टक्के क्लोरहेक्सिडीनने ती जागा अर्धा मिनिट घासा, पुढेमागे, डावीउजवीकडे. नुसता बोळा फिरवून चालत नाही. (दोन महिन्यांच्या आतल्या बाळांत क्लोरहेक्सिडीन टाळतात.) त्यानंतर अर्धा मिनिट थांबा. फुंकर नको, कापसाने पुसणं नको, आपोआप वाळू द्या. औषधाचं काम त्या वाळण्याच्या वेळातच होतं, आणि घाई नेमकी तिथेच होते. पोव्हिडोन आयोडीन वापरत असाल तर दीड-दोन मिनिटं लागतात. वाळल्यावर नस पुन्हा बोटाने चाचपायची नाही. हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, आणि साध्या ग्लोव्ह्जमधलं ते एक बोट आधीची सगळी मेहनत वाया घालवतं.

बाटलीचं प्लास्टिकचं टोपण काढलं की खालचं रबर निर्जंतुक असतं अशी समजूत आहे. तसं नसतं. रबरही अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. फुलपाखरू सुईने, म्हणजे बटरफ्लायने घेत असाल तर एरोबिक बाटली आधी, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते. सिरिंजने घेत असाल तर अ‍ॅनेरोबिक आधी. रक्त कमीच मिळालं तर सगळं एरोबिकला द्या. आणि दोन बाटल्यांच्या मध्ये सुई बदलू नका. त्याने कंटॅमिनेशनमध्ये म्हणावा तसा फरक पडत नाही, स्वतःच्या बोटात टोचून घेण्याचा धोका मात्र वाढतो.

दुसरा सेट दुसऱ्या हातातून, वेगळ्या टोचणीने घ्यायचा तो रिपोर्टचा अर्थ लावता यावा म्हणून. एकाच टोचणीतून चारही बाटल्या भरल्या आणि चारहींत त्वचेवरचा जिवाणू उगवला, तर तो खरा की आगंतुक हे मला सांगता येत नाही. काही ठिकाणी आता मुद्दाम एकाच टोचणीतून भरपूर रक्त घेतात. जिवाणू सापडण्याचं प्रमाण त्यात घटत नाही, पण हा अर्थ लावण्याचा आधार मात्र जातो. माझं मत अजून दोन टोचण्यांकडेच झुकतं.

सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) आयती आहे म्हणून तिच्यातून रक्त घेऊ नका. लाइनमध्येच संसर्ग असल्याचा संशय असेल तर घ्या, पण मग हाताच्या नसेतूनही त्याच वेळी, तितकंच रक्त घ्या, आणि कुठली बाटली कुठली हे ठळक लिहा. लाइनची बाटली नसेच्या बाटलीच्या दोन तास किंवा त्याहून जास्त आधी पॉझिटिव्ह झाली, तर उगम लाइनमध्ये असण्याची शक्यता मोठी. लेबलवर जागा लिहिलेली नसेल तर हा सगळा पुरावा हातचा जातो.

बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. हे लिहावं लागतं कारण रक्ताचे बाकीचे कितीतरी नमुने फ्रिजमध्ये जातात आणि रात्रपाळीत हात सवयीने तिकडे वळतो. थंडीने नाजूक जिवाणू मरतात. खोलीच्या तापमानाला ठेवा आणि शक्यतो दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. नावाचं लेबल बाटलीच्या बारकोडवर किंवा बुडाशी चिकटवू नका. मशीनला बुडाचाच रंग वाचायचा असतो.

आत गेल्यावर काय होतं? बाटली ३५ ते ३७ अंशांवर हलत राहते. जिवाणू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने बुडाच्या सेन्सरचा रंग किंवा चमक बदलते, आणि मशीन ते दर काही मिनिटांनी तपासत असतं. मुदत पाच दिवसांची असली तरी खऱ्या संसर्गातल्या बहुतेक बाटल्या पहिल्या ४८ तासांतच बोलतात, ई. कोलायसारखे तर १२-१५ तासांत. म्हणून 'प्राथमिक रिपोर्ट: ४८ तास, वाढ नाही' या ओळीलाही किंमत आहे. पाच दिवस संपेपर्यंत तीन अँटिबायोटिक चालू ठेवायची गरज सहसा नसते.

घंटा वाजली की आम्ही बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम स्टेन करतो, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. जांभळ्या गोळ्यांचे घोस दिसले तर स्टॅफिलोकॉकस, साखळ्या दिसल्या तर स्ट्रेप्टोकॉकस, गुलाबी दांड्या असतील तर ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, आणि मोठी अंडाकृती, अंकुर फुटलेली जांभळी पेशी दिसली तर यीस्ट. हे कळताच आम्ही वॉर्डात फोन करतो, रात्रीचे तीन वाजले असले तरी. त्या फोनवर फक्त "ओके" म्हणू नका. रुग्ण कसा आहे, औषध कोणतं चालू आहे, लाइन आहे का, हे आम्हाला सांगा. पुढचे बरेच निर्णय त्या दोन मिनिटांत ठरतात.

नवीन असताना माझ्याकडे एक बाटली पॉझिटिव्ह झाली आणि काचपट्टीवर काहीच दिसेना. मी दोनदा स्टेन केला. खोटी घंटा असेल असं धरून बाटली परत मशीनमध्ये ठेवणार, तोच माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी ती हातातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "रंग बघ," त्या म्हणाल्या. शेजारच्या बाटलीत रक्त लाल होतं, हिच्यात चॉकलेटी, काळपट. न्यूमोकॉकस हा जिवाणू वाढीच्या शेवटी स्वतःलाच फोडून टाकतो, म्हणून घंटा वाजते तेव्हा काचेवर पेशी राहिलेल्याच नसतात. बाईंनी लगेच प्लेटवर थेंब लावायला सांगितला, अँटिजेनची चाचणी करायला लावली आणि वॉर्डला स्वतः फोन केला. न्यूमोकॉकसच निघाला. रुग्णाला मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) होता. तेव्हापासून स्टेन निगेटिव्ह आला की मी आधी बाटली उजेडात धरते.

जिवाणूचं नाव कळलं की अर्थ लावायचा. काही नावं एका बाटलीत आली तरी खरी मानायची: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, न्यूमोकॉकस, ई. कोलाय आणि क्लेबसिएला, स्यूडोमोनास, कॅन्डिडा. इथे "कंटॅमिनेशन असेल" म्हणून सोडून देणं जिवावर बेतू शकतं. ऑरियस आला तर दर एक-दोन दिवसांनी कल्चर पुन्हा घ्यायचं, निगेटिव्ह येईपर्यंत. हृदयाचा इको करायचा. आणि उपचार कमीत कमी १४ दिवस शिरेतून द्यायचे, तेही पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजून. कॅन्डिडालाही पुनःपुन्हा कल्चर हवं, शिवाय डोळ्यांची तपासणी. साध्या, उगम आटोक्यात आलेल्या ग्रॅम निगेटिव्ह संसर्गात मात्र सात दिवस पुरतात हे आता मोठ्या चाचणीत दिसलं आहे. स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस आला तर रुग्णाची कोलोनोस्कोपी झाल्याशिवाय त्याला सोडू नका. या जिवाणूचा मोठ्या आतड्याच्या गाठींशी जवळचा संबंध आहे, आणि ब्लड कल्चरमुळे कॅन्सर लवकर सापडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

दुसऱ्या बाजूला कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, कोरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम, मायक्रोकॉकस, बॅसिलसच्या बहुतेक जाती. हे एकाच सेटमध्ये, २४ तासांनंतर उगवले आणि रुग्णाच्या अंगात लाइन, कृत्रिम झडप, पेसमेकर असं काही नसेल, तर ते त्वचेवरूनच आले असं समजायला हरकत नाही. तुमच्या दुसऱ्या रुग्णाचं हेच चित्र आहे. व्हॅन्कोमायसिन थांबवा. मनात शंका राहत असेल तर दोन नवे सेट घ्या आणि त्यांच्याकडे बघा. मूत्रपिंडाला त्रास देणारं औषध निव्वळ रिपोर्टवर नाव छापून आलं म्हणून चालू ठेवणं मला पटत नाही. एक अपवाद लक्षात असू द्या: स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस हाही कोॲग्युलेज निगेटिव्हच, पण वागतो ऑरियससारखा. म्हणून प्रयोगशाळेकडे जातीचं पूर्ण नाव मागा.

मॅल्डी-टॉफने (जिवाणूतल्या प्रथिनांवरून ओळख पटवणाऱ्या यंत्राने) आता नाव काही मिनिटांत मिळतं, पीसीआरच्या पॅनेलने मेथिसिलीन किंवा कार्बापेनेमला दाद न देणारी जनुकंही तासाभरात कळतात. फार उपयोगी आहे हे सगळं. पण यातल्या बहुतेक चाचण्या पॉझिटिव्ह झालेल्या बाटलीपासूनच सुरू होतात. बाटलीत जिवाणू उतरलाच नसेल तर त्यांना काम नाही.

प्रत्येक तापाला कल्चर पाठवा असंही मी म्हणत नाही. साधा सेल्युलायटिस (त्वचेखालचा संसर्ग), मूत्राशयापुरता लघवीचा संसर्ग, घरी बरा होणारा न्यूमोनिया, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांतला ताप: यांत खरा जिवाणू क्वचित मिळतो, त्वचेवरचाच मिळण्याची शक्यता जास्त. शॉक, दातखिळी बसवणारी हुडहुडी, मेनिंजायटिस, सांध्यातला किंवा मणक्यातला संसर्ग, झडपेचा संशय, लाइन असलेल्याचा ताप, पांढऱ्या पेशी खालावलेल्याचा ताप: इथे मात्र चुकवू नका.

शेवटी तुमच्या पहिल्या रुग्णाबद्दल. 'नो ग्रोथ' याचा अर्थ इतकाच, की औषध सुरू झाल्यानंतर घेतलेल्या एका बाटलीभर रक्तात काही उगवलं नाही. त्याच्या रक्तात संसर्ग नव्हता, असं त्यावरून म्हणता येत नाही. टायफॉइडमध्ये तर नीट घेतलेलं ब्लड कल्चरही दहापैकी सहाच जणांत पॉझिटिव्ह येतं, कॅन्डिडात साधारण निम्म्यांत. रिकेट्सिया, कॉक्सिएला, लेप्टोस्पायरा हे जिवाणू या बाटल्यांत उगवतच नाहीत. त्यांना सीरॉलॉजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) किंवा पीसीआर लागतं. क्षयाच्या जिवाणूला वेगळी बाटली लागते.

तेव्हा त्याचा उगम शोधा: लघवीचं कल्चर, पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी, आणि हृदयात मर्मर ऐकू येत असेल तर इको. तो सेफ्ट्रायॅक्सोनवर सुधारत असेल तर कल्चर निगेटिव्ह म्हणून औषध मध्येच सोडू नका, जो उगम सापडेल त्याप्रमाणे मुदत ठरवा. ताप उतरत नसेल तर पुढचा डोस देण्याच्या आधी, दोन्ही हातांतून, पूर्ण भरलेले दोन सेट घ्या. आणि तो स्थिर असून झडपेचा संशय उरत असेल, तर कार्डिऑलॉजिस्टशी बोलून औषध दोन-तीन दिवस थांबवून तीन सेट घेण्याचा विचार करता येतो. फॉर्मवर 'ताप' एवढंच लिहू नका. किती दिवसांचा, कोणतं औषध कधीपासून, झडप किंवा लाइन आहे का, जनावरांशी किंवा कच्च्या दुधाशी संबंध आला का, हे लिहा. ब्रुसेलाचा (जनावरांतून येणाऱ्या जिवाणूचा) संशय आधी कळला तर आम्ही ती बाटली सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडतो. नाही कळला, तर ती उघड्या बाकावर उघडली जाते आणि टेक्निशियनलाच लागण होऊ शकते.